हजेरीच्या वहीत नसलेली मुलगी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ तिथल्या क्रीडा मंडळाचे सचिव आहेत. २२ वर्षं ते रोज पहाटे साडेपाचला कबड्डीचा आणि मैदानी खेळांचा सराव घेतात, एक पैसा न घेता. मैदानावर साठेक मुलं येतात. मुली दोन वर्षांपूर्वी नऊ होत्या, आता दोनच उरल्या आहेत. ‘मैदान सगळ्यांना खुलं आहे. कुणाला कधी नाही म्हटलं नाही. मुलींनाच आवड राहिलेली नाही,’ असं ते लिहितात. गेले सहा महिने आठवीतली एक मुलगी धाकट्या भावाला सोडायला येते आणि सराव संपेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहते. चार वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या यंत्रात तिचा डावा हात कोपराच्या खाली गेला. तिला खेळायचंय, असं तिच्या भावाने सरांना सांगितलं. आई म्हणाली, ‘आधीच हात गेलाय, आता काय पाय मोडून घ्यायचा?’ मंडळातल्यांना जबाबदारी नको आहे. तिला गुणलेखनाला बसवायचं आणि २६ जानेवारीला तिचा सत्कार करायचा, असं जवळपास ठरलं आहे. सचिवांना ते पटत नाही. पण तिला घेतलं तर बाकीच्यांचा सराव मागे पडेल आणि तिला काही लागलं तर आपण काय तोंड दाखवणार, ही धास्तीही आहे. ‘मी नेमकं काय करावं?’ असं त्यांनी विचारलं आहे.

सर,

गावात सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मीही सरच म्हणते. २२ वर्षं पहाटे साडेपाचला मैदानावर उभं राहणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते तुमच्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवून. सत्काराचा ठराव होत आला असताना तुम्हाला रात्री बसून तीन पानी पत्र लिहावंसं वाटलं. ती अस्वस्थता खरी आहे, तिचं ऐका.

पत्र मी दोनदा वाचलं. आई काय म्हणाली ते त्यात आहे. वडील काही बोलले नाहीत, हेही आहे. मंडळाच्या बैठकीत कोण काय म्हणालं ते आहे, भावाचा निरोप आहे. त्या मुलीच्या तोंडचं मात्र एकही वाक्य नाही. सहा महिने ती तुमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बसते आणि तिला काय खेळायचंय, हे तिला कुणी विचारलेलं नाही. हा तुमच्यावर ठपका नाही. हात नसलेल्या, पाय अधू असलेल्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाबद्दल आपण त्याच्या आईशी, भावाशी, डॉक्टरांशी बोलतो, त्याच्याशी बोलायचं राहून जातं. मीही हेच केलंय.

मी शाळेत खेळाची बाई होते. पाचवीत एक मुलगी आली, पोलिओमुळे एका पायाला कॅलिपर. खो-खोच्या तासाला ती बाजूला उभी असायची. मला वाईट वाटलं आणि मी तिच्या हातात गुणांची वही दिली. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. दहावीपर्यंत ती वही तिच्याकडेच राहिली आणि मी बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवत राहिले. खूप वर्षांनी एका लग्नात भेटली, कडेवर मूल होतं. बोलता बोलता म्हणाली, “बाई, त्या वहीत मी सगळ्यांची नावं लिहिली. माझं लिहायची वेळ कधी आली नाही.” रागाने नाही म्हणाली. म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही.

गुणलेखन हे हलकं काम नाही. ज्याला ते आवडतं त्याने जरूर करावं, आणि खरं तर तुमच्या साठही मुलांना पाळीपाळीने ते शिकवायला हवं. पण जिला खेळायचंय तिला वही देणं म्हणजे नाही म्हणणंच आहे, फक्त गोड शब्दांत.

सत्काराचं तर राहूच द्या. कशाबद्दल करणार? यंत्रात हात गेला म्हणून? आठवीतल्या मुलीला सगळ्या गावासमोर उभं करून शाल द्यायची, टाळ्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती परत पायऱ्यांवर. एखाद्या शर्यतीत ती तिसरी आली, किंवा सराव कधीच न चुकवल्याबद्दल तुम्ही पाच मुलांना बक्षीस देता त्यात तिचं नाव आलं, तर खुशाल करा. तोवर नको.

आता मुलींच्या आवडीबद्दल. तुम्ही लिहिता, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, सांगलीची स्मृती मानधना संघात, तेव्हा मैदानावर पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी सरावाला मुली दोनच. तुम्हाला याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही, कारण तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: ‘स्वच्छतागृहाची सोय आहे, फक्त कडी तुटलेली आहे.’

सर, त्या ‘फक्त’पाशी मी बराच वेळ थांबले. मी खो-खो खेळायचे तेव्हा स्पर्धेच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. मैदानावर मुलींसाठी आडोसा नसे, आणि असलाच तर बाहेर कुणालातरी पहारा द्यायला उभं करावं लागे. एकदा भर उन्हात सामन्यामध्ये चक्कर येऊन पडले. बाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लंस? पाणी का प्यायली नाहीस, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मैदान मलाही खुलंच होतं. कडी बसवायला सुताराला अर्धा तास लागतो. ती आधी बसवून घ्या, मग पत्राचा पुढचा भाग वाचा, इतकं मला त्याचं महत्त्व वाटतं. आत पाण्याची बादली, पाणी घ्यायचा मग, झाकणाचा डबा आणि एका खोक्यात सॅनिटरी पॅड. कुणाकडे मागायची गरज पडू नये, घेतलेल्याची नोंद नको.

मग एक दिवस घरून मैदानापर्यंत तेरा वर्षांच्या मुलीच्या नजरेने चालून बघा. डिसेंबरात साडेपाचला किट्ट काळोख असतो. वाटेत दिवा कुठे आहे, कुत्री कुठे बसतात, कुठल्या कोपऱ्यावर टोळकं उभं असतं? आणि त्याच वेळी घरी काय चाललेलं असतं? तुमच्या भागात पाणी येतं ते पहाटे, आणि ते भरायला भाऊ उठत नाही, बहीण उठते. म्हणजे तुमच्या सरावाची वेळ ठरताना मुलीला ती जमेल का, हा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. वाईट हेतूने नव्हे. पोरं येत होती, वेळ पडून गेली. तीच वेळ संध्याकाळी शाळा सुटल्यावर ठेवली तर किती मुली येतील, हे महिनाभर करून बघण्यासारखं आहे.

ज्या सात जणी यायच्या थांबल्या, त्यांच्या घरी जा. एकटे नका जाऊ, बरोबर एखादी बाई असू द्या, आशाताई, अंगणवाडीताई किंवा पोलीस भरतीची तयारी करणारी मोठी मुलगी. मुलीशी त्या बाईला बोलू द्या. कारणं लहान लहान निघतील. एकीला पाळी सुरू झाल्यावर हाफ पँट नकोशी झाली असेल, तिला ट्रॅक पँट चालते हे कुणी सांगितलंच नसेल. दुसरीला धावताना छातीची लाज वाटत असेल. चांगली स्पोर्ट्‌स ब्रा तालुक्याला मिळते, पण हे तिला तुम्ही सांगू शकत नाही, मंडळात सांगणारी बाई हवी. तिसरीला पायऱ्यांवर बसणारी पोरं काहीबाही बोलली असतील. ‘आवड नाही’ हे घरच्यांना आणि आपल्याला सगळ्यात सोयीचं उत्तर असतं, कारण त्यात कुणालाच काही बदलावं लागत नाही.

आणि आता ती.

तिला बाजूला बोलवा, पण सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि साधा प्रश्न विचारा: काय खेळावंसं वाटतं? उत्तर लगेच येणार नाही. ‘काहीही’ म्हणेल, किंवा खाली बघेल. थांबा. दोन दिवसांनी परत विचारा. सहा महिने पायऱ्यांवर बसून तिने जेवढं बघितलंय तेवढं तुमच्या कित्येक खेळाडूंनी बघितलेलं नसेल. तिच्या मनात नक्की काहीतरी ठरलेलं आहे.

ती कबड्डी म्हणाली, तर घाबरून जाऊ नका आणि घाईही करू नका. आधी तिचा हात डॉक्टरांना दाखवा. हाडाचं टोक टोचतं का, कातडी घासून जखम होते का, सांधा किती वळतो, हे कळायला हवं. थोट्या भागावर मऊ पॅड बांधता येतं. मग चढाईपासून सुरुवात करा. चढाईत गडी पायानेही मारता येतो, बोनस पायाने मिळतो. पकडीत, साखळीत दोन हातांची गरज पडते, तिथे तिची जागा कुठली हे ती, तुम्ही आणि तिच्या शेजारचा गडी मिळून शोधाल. सामन्यात कधी उतरेल ते पुढचं पुढे. सरावाला उतरायला आज कुठली अडचण आहे, मला दिसत नाही.

पण एक खेळ तुमच्या मैदानावर आधीच आहे आणि तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. तुम्ही लिहिलंय, पोलीस भरतीच्या मुली तिथे ८०० मीटर धावतात आणि ४ किलोचा गोळा टाकतात. सर, गोळाफेकीचा नियमच सांगतो की गोळा एका हाताने, खांद्यापासून टाकायचा. टाकताना दुसऱ्या हाताची मदत घेणं नियमात बसत नाही, तो फक्त तोल सांभाळतो. म्हणजे गोळ्यासाठी नियमाने लागतो तेवढा हात तिच्याकडे आहे, आणि तोलाचं बघायला तुम्ही आहात.

तुमच्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं करगणी तुम्हाला माहीत असेलच. तिथल्या सचिन खिलारी यांचा हात शाळकरी वयात सायकलवरून पडून कायमचा अधू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक आणलं. आणि त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला, भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर. तेही सांगली जिल्ह्यातले, पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर पोहायला लागले. पॅरिसच्या उद्घाटनाला तिरंगा धरणाऱ्या दोघांपैकी एक नांदेड जिल्ह्यातली भाग्यश्री जाधव होती. तीही गोळाच टाकते, बसून.

ही नावं तिला एकदा सांगा, रोज नका सांगू. हात नाही म्हटल्यावर आपण एकतर पोरीला घरात बसवतो, नाहीतर थेट पदकाची अपेक्षा तिच्या खांद्यावर ठेवतो. तुमची साठ मुलं येतात ती सगळी काही देशासाठी खेळणार नाहीत. काही घाम गाळायला येतात, काही मित्रांसाठी, काही घरातली भांडणं टाळायला. तिलाही सुमार खेळायची मुभा हवी. तिचा गोळा तीन मीटरवर पडला तर पडू दे, हसू दे, चिडू दे, परत टाकू दे.

धावायचं म्हणाली, तर बसून सुरुवात घेताना डावी बाजू खाली झुकेल. थोट्या हाताखाली लाकडाचा बेताचा ठोकळा ठेवला की खांदे समपातळीत येतात. असे खेळाडू स्पर्धांमध्ये तेच करतात. नाहीतर उभ्याने सुरुवात घेऊ दे. एका बाजूचं वजन कमी असल्याने पाठ आणि खांदे आखडतात, म्हणून तिच्या व्यायामात पाठीचे आणि पोटाचे प्रकार थोडे जास्त घ्या. पुढे स्पर्धेचा विचार आला तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागेल, ते जिल्हा रुग्णालयाच्या तपासणीतून मिळतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे पॅरा स्पर्धांची चौकशी करा. धावण्यात आणि फेकीत एका हाताच्या खेळाडूंचे वेगळे वर्ग असतात. कोण कुठल्या वर्गात, हे तपासणारे तज्ज्ञ ठरवतात.

‘बाकीच्यांचा सराव मागे पडेल.’ या भीतीकडे मी डोळेझाक करत नाही. जिल्हा-राज्य पातळीवर खेळलं तर दहावीला क्रीडागुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या पोराला याची किंमत काय असते, ते तुम्हाला मी सांगायला नको. संघाचा सराव कडकच व्हायला हवा. पण कबड्डीच्या संघात गडी १२. येतात ६०. उरलेले ४८ काय करतात? तुमच्याच शब्दांत, ‘बाजूला थोडंफार खेळतात.’ म्हणजे आजही त्यांच्यासाठी धड काही नाही. संघाचा तास वेगळा ठेवा आणि बाकीच्यांचा तास नीट आखा: धावणं, उड्या, फेकी, लहान गटांत चढाई-पकड. त्या तासात ती मुलगी येईल, परत आलेल्या मुली येतील, आणि तो गुबगुबीत मुलगाही येईल ज्याला कुणी आपल्या बाजूला घेत नाही. अशी मुलं प्रत्येक मैदानावर असतात. तिच्यासाठी केलेल्या बदलाचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच होईल, हे मी अनुभवाने सांगते.

आपले खेळ म्हणजे दगडावरची रेघ नाही. बायकांच्या कबड्डीचं मैदान पुरुषांपेक्षा लहान आखतातच ना? अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत जमिनीलगत येतो, आणि अजिबात दृष्टी नसलेल्या फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरतात. त्याच क्रिकेटचा मुलींचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताने कोलंबोत जिंकला. उपकर्णधार आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम. त्याचे पेढे वाटल्याचं तुमच्या पत्रात नाही. कळलंच नसेल, कुणी दाखवलंच नसेल.

जबाबदारीचं म्हणाल तर २२ वर्षांत तुमच्या मैदानावर किती जणांचे गुडघे, किती जणांच्या गळपट्टीची हाडं मोडली असतील? तेव्हा मंडळाने मुलगे घेणं थांबवलं नाही. सगळ्यांच्या पालकांकडून जी संमती घेता तीच तिच्या पालकांकडून घ्या, प्रथमोपचाराची पेटी भरून ठेवा, डॉक्टरांचा सल्ला कागदावर घ्या. आणि बैठकीत हेही सांगा की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाचं स्वतंत्र कलम आहे. दिव्यांगांचा खेळण्याचा हक्क मानून त्यांना आपल्या योजनांत सामावून घ्यावं, असं ते क्रीडा प्राधिकरणांना सांगतं. भांडायला नव्हे. काही मेहेरबानी करतोय असं वाटू नये, म्हणून सांगा.

पैशांचं रडगाणं पुढे आलं तर ग्रामसभेला जा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर आणि १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मैदानाच्या वाटेवरचा दिवा, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, पायऱ्यांशेजारी उतार यांचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. उतार तिला लागणार नाही, पण गावात चाकाच्या खुर्चीतलं कुणीतरी असेलच, ते आजवर मैदानावर दिसलं नाही इतकंच.

पालकांची आणखी एक भीती असते, ती ते तुमच्या तोंडावर बोलत नाहीत. मंडळात दोन बायका घ्या, आणि नावापुरत्या नकोत. खोलीची किल्ली आणि खर्चाचा अधिकार त्यांच्याकडेही असू द्या. कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर बंद खोलीत एकटा असणार नाही, हा नियम तुमच्यापासून लागू करा. त्या दोघींची नावं आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक फळ्यावर रंगवा. असा फळा बघून आया पोरींना पाठवतात.

पोरं तिला ‘थोटी’ म्हणतात आणि त्यांच्या मनात काही वाईट नसतं, असं तुम्ही लिहिलंय. ते उद्यापासून बंद झालं पाहिजे, सर. भाषण नको. ज्याने म्हटलं त्याला बाजूला घ्या आणि तिचं नाव काय ते विचारा. बहुतेक त्याला माहीतच नसेल.

तिच्या आईकडे वाद घालायला जाऊ नका. चार वर्षांपूर्वी त्या यंत्रापाशी त्या बाईने काय पाहिलं असेल, ते तुम्ही-मी कल्पनेतही आणू शकत नाही. तिला म्हणा, ताई, महिनाभर तुम्हीही येऊन बसा. काही नको वाटलं तर त्याच क्षणी थांबवू. तिच्यादेखत मुलगी एकदा मातीत पडायला हवी आणि उठून हातपाय झटकायला हवी. माझ्या सांगण्याने किंवा तुमच्या सांगण्याने होणार नाही ते त्याने होईल.

तुमच्या पत्रात मला तिचं नाव सापडलं नाही, ‘ती हात नसलेली मुलगी’ एवढंच सापडलं. इथे मी ते छापलंही नसतं. पण मैदानावर हजेरीची वही आहे असं तुम्ही लिहिलंय. ती हो म्हणाली की त्याच सकाळी, भावाच्या नावाखाली, तिचं पूर्ण नाव लिहा आणि हजेरी घेताना मोठ्याने पुकारा. गोळा सुरुवातीला हलका आणा. ४ किलोचा तिला अजून जड जाईल.